शेंड्या शेंड्या, काय केलं?

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि सांगायला बसलो की माझं डोकं आजही तापतं. लहानांनो, पुढं सरका. मोठ्यांनो, मागं कुजबुज करू नका. मधे कुणाला हसू आलं तर हसून घ्या, पण पुढं मीच विचारणार आहे, का हसलात म्हणून.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात भानोबा नावाचा गृहस्थ राहायचा. शेती बेताची, अंगात आळस भरपूर, पण यमक जुळवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. घरात त्याची बायको सगुणा, दुधाचे दात पडायला लागलेली लेक तानू आणि तीन मुकी जनावरं होती. राघू पिंजऱ्यात, ठमी मांजर चुलीपाशी आणि शेंड्या कुत्रा उंबऱ्यावर. शेंड्या अंगानं काळाभोर होता, फक्त शेपटीचा शेंडा पांढरा, म्हणून त्याचं नाव शेंड्या.

त्या गावाची एक रीत होती. दिवस कलला की माणसं पारावर जमायची. कुणीतरी गाण्याची पहिली ओळ म्हणायची आणि दुसरी ओळ सगळ्या गावानं टाळ्या वाजवत पुरी करायची. लहानपणापासूनची सवय. पहिली ओळ कानावर पडल्यावर गप्प बसला असा माणूस त्या गावात सापडायचा नाही. तोंडात घास असला तर तो गिळून म्हणायचे, पाण्याचा हंडा डोक्यावर असला तर थांबून म्हणायचे. रीत तशी गोड होती, मी रीतीला नावं ठेवत नाही.

आता हे सगळं कशावरून सुरू झालं ते ऐका. पाटलांच्या घरच्या लग्नात भानोबाला मानाचं धोतर मिळालं. लाल काठाचं, कोरं करकरीत. ते नेसून हा ऐटीत घरी निघाला. वाटेत शेजाऱ्याचा पेरू पिकलेला दिसला. झालं! एवढा बाप्या माणूस, पण कुंपण चढला. पेरू खाल्ले आणि उतरताना धोतर कुंपणाच्या बाभळीच्या काट्याला अडकून वीतभर फाटलं.

दारात सगुणा उभी. "अहो, हे काय? नवं धोतर ना?"

आता सांगायचं काय? शेजाऱ्याचे पेरू चोरताना फाटलं असं? भानोबानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. उंबऱ्यावर शेंड्या बसला होता. मालक आला म्हणून शेपूट हलवत होता बिचारा. भानोबानं त्याच्याकडं बोट केलं आणि तिथल्या तिथं यमक जुळवलं,

"शेंड्या शेंड्या, काय केलं?
धोतर ओढून, फाडून नेलं!"

सगुणाला हसू आलं. तानूही हसली. शेंड्याला वाटलं, आपल्याला शाबासकी मिळाली, म्हणून तोही उड्या मारायला लागला. भानोबानं तेच गाणं संध्याकाळी पारावर म्हटलं. गाव फिदा! दुसऱ्या दिवशी विहिरीवर, गोठ्यात, चावडीत एकच चाललं होतं. एकानं म्हणायचं, 'शेंड्या शेंड्या, काय केलं?' आणि दहाजणांनी ओरडायचं, 'धोतर ओढून, फाडून नेलं!'

शेंड्यानं आयुष्यात कुणाचं धोतर ओढलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

खोटं एकदा गोड लागलं की माणूस थांबतो होय? काही दिवसांनी दुधावरची सगळी साय भानोबानंच हाणली. विचारणार कोण, सगुणाच. लगेच यमक तयार!

"ठमीबाई ठमीबाई, कुठं गेली साय?
मिशीवर बसलीय, उतरते काय!"

गाव पुन्हा टाळ्या पिटायला मोकळं. आयाबायांनी मांजराला दारातून हाकललं, पोरांनी तिच्या मिश्या ओढल्या. खाल्ली कुणी, आणि मिश्या कुणाच्या ओढल्या जातायत!

मग एकदा भरदुपारी गोठ्यात साप निघाला. शेंड्या जीव तोडून भुंकला, सापाला त्यानं कोपऱ्यात रोखून धरलं. आणि आपला हा शूर वीर कुठं? माळ्यावर! शिडी वर ओढून घेऊन बसला होता. साप बिळात गेला तेव्हा खाली उतरला. शेजारची माणसं धावत आली होती. "काय झालं हो? कुत्रं एवढं का भुंकत होतं?" माळ्याचं सांगायची लाज वाटली, म्हणून गृहस्थ छाती काढून म्हणाला,

"शेंड्या शेंड्या, भुंकतो कशाला?
आपल्याच सावलीला, आपल्याच शेपटीला!"

माणसं पोट धरून हसली आणि परत गेली. तुम्ही पण हसलात ना आत्ता? हसा. पण एक सांगा. कुत्र्याला आपल्याला काही सांगायचं झालं तर त्याच्याजवळ असतं काय? एक तर तो भुंकेल, नाहीतर आपलं कापड धरून ओढेल. भानोबानं एक गाणं भुंकण्यावर केलं आणि एक ओढण्यावर. म्हणजे त्या जनावराला सांगायला जागाच ठेवली नाही.

ठमी भयंकर चिडली होती. तिनं शेंड्याला उंबऱ्यावर गाठलं. जनावरांची भाषा जनावरांत चालायची, माणसांना ती कधीच कळली नाही.

"लाज नाही वाटत तुला?" ठमी म्हणाली. "तो तुझ्या नावानं खोटं गातो आणि तू शेपूट हलवतोस!"

"पोरं खूश होतात गं. जाऊ दे," शेंड्या म्हणाला.

"जाऊ दे काय जाऊ दे! मला कालपासून एका घरात थेंबभर दूध मिळालेलं नाही. साय त्यानं खायची आणि लाटणं मी खायचं! आणि तुझं तर माझ्यापेक्षा वाईट आहे. मी चोर ठरले, तू खुळा ठरलास. उद्या तू खरंच भुंकलास तर कोण येणार आहे?"

"मालक येतील," शेंड्या म्हणाला. "त्यांना ठाऊक आहे ना खरं काय ते. धोतर मी फाडलं नाही हे गावात कुणाला नसेल, पण त्यांना ठाऊक आहे."

ठमीनं पाठ फिरवली. असल्या भाबड्याशी वाद घालून काय उपयोग, असं तिला वाटलं असेल.

वर पिंजऱ्यात राघू बसला होता. तो दिवसभर एकच घोकायचा, 'धोतर ओढून, फाडून नेलं!' ठमी त्याच्यावरही खेकसली, "मेल्या, तू तरी गप्प बस!" राघू म्हणाला, "मला दुसरं काही शिकवलंच नाही कुणी."

सगुणाच्याही हळूहळू ध्यानात आलं. एकदा धोतर धुताना तिला फाटक्या काठात बाभळीचा काटा सापडला. तसली बाभूळ शेजाऱ्याच्या पेरूच्या कुंपणालाच होती. कुत्र्याच्या दातांना काटे नसतात, एवढं तिला कळत होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पुरे करा आता ती गाणी. पोरं शेंड्याला खडे मारतात, त्यानं भुंकावं म्हणून. तो भुंकला की गाणं म्हणतात. त्या मुक्या जिवाचं नाव का खराब करताय?"

"अगं, गंमत आहे ती!"

"गंमत असेल तर तुमच्या नावानं करा. म्हणा, भानोबा भानोबा, पेरू कुणी खाल्ले."

भानोबा कान खाजवत म्हणाला, "यमक जुळलंय गं. जुळलेलं यमक मोडवत नाही बघ."

ऐकलंत? यमक मोडवत नाही म्हणे! कुत्र्याचं नाव मोडवलं, मांजराचं पोट मोडवलं, पण यमक मोडवत नाही!

असं करता करता गावची जत्रा आली. जत्रेचं जेवण गावच्या पेवातल्या ज्वारीवर व्हायचं. पेव म्हणजे काय ते आताच्या पोरांना कुठून माहीत असणार? जमिनीत खोल खड्डा खणायचा, रांजणासारखा. पोट मोठं, तोंड लहान. आत धान्य भरून तोंड चिखलामातीनं लिंपून टाकायचं. धान्य टिकतं छान, पण आत कोंडलेली हवा विषासारखी होते. म्हणून पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून एक अख्खा दिवस जाऊ द्यायचा. मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं, तेवत राहिला तर उतरायचं. विझल्या दिव्यावर जो उतरला तो परत यायचा नाही.

आणि उघड्या पेवापाशी पोरंसोरं जाऊ नयेत म्हणून गाव तिथं राखणीला कुत्रा बसवायचं. कुणी तोंडाजवळ गेलं की कुत्रा भुंकणार आणि माणसं धावत येणार. हाही त्या गावचा जुना शिरस्ता होता. कुत्रा कोणता, तर शेंड्या. त्याला बांधायला दोरीसुद्धा लागत नसे. 'बस' म्हटलं की बसायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी पेव उघडलं. आधीच्या सणांना बरंच धान्य काढलेलं होतं, त्यामुळं दाणे उभ्या माणसाच्या गळ्याइतके खोल होते. पाटील म्हणाले, "शेंड्याला बसवा इथं." शेंड्या बसला. आणि गाव निवांत झालं.

आता माझा संताप कुठून सुरू होतो ते बघा. ज्याच्या भुंकण्यावर गावच्या पोरांचा जीव सोपवला, त्याच्याच भुंकण्यावर गावानं गाणं केलं होतं. आणि ही दोन्ही कामं एकच गाव करत होतं. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पाटलाला नाही, पुजाऱ्याला नाही, कुणाला नाही!

दुपार कलली. पारावर माणसांची ही गर्दी. आसपासच्या गावांचे पाहुणे आले होते, ते खास भानोबाची गाणी ऐकायला. लेकरांना खांद्यावर घेऊन आले होते. भानोबानं तेच लाल काठाचं धोतर शिवून नेसलं होतं. त्याच्या आयुष्यात एवढी माणसं त्याच्यासमोर कधी बसली नव्हती. सगुणा बायकांत मागं बसली होती.

तानूला मात्र शेंड्याची आठवण आली. सगळे जत्रेचा फराळ खातायत आणि शेंड्या सकाळपासून उपाशी. तिनं अर्धी भाकरी घेतली आणि गर्दीतून निसटून पेवाकडं गेली.

शेंड्यानं तिला लांबूनच पाहिलं आणि तो भुंकायला लागला. पुढं येऊ नको, पुढं येऊ नको. तानूला वाटलं, भाकरी बघून खूश झाला. ती अजून पुढं आली. शेंड्या आणखी जोरात भुंकला. पार तिथून हाकेच्या अंतरावर. पारावर सगळ्यांना ते भुंकणं ऐकू आलं. ऐकू आलं, बरं का! कुणी म्हणू नये की ऐकू आलं नाही.

पण ते ऐकून एक पोरगं ओरडलं, "शेंड्या शेंड्या, भुंकतो कशाला?"

आणि अख्ख्या गावानं टाळ्या पिटत पुरं केलं, "आपल्याच सावलीला, आपल्याच शेपटीला!"

तिकडं पेवाच्या कडेला सांडलेल्या दाण्यांवरून तानूचा पाय घसरला. शेंड्यानं झेप घेऊन तिचा परकर दातांत धरला. परकर जुना होता. तो टरकन फाटला, त्याचा एक तुकडा शेंड्याच्या तोंडात राहिला आणि पोर आत गेली.

शेंड्या पारावर धावत आला. तोंडात तो तुकडा, हिरवा, त्यावर पिवळे ठिपके. पाहुण्यांनी तोंडात फाटकं कापड घेतलेला कुत्रा पाहिला आणि त्यांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे! "वा रे भानोबा! काय शिकवलंय हो कुत्र्याला!" असं म्हणून ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. शेंड्या माणसांच्या पायांतून वाट काढत सरळ मालकाजवळ गेला. तोंडातला तुकडा टाकला, मालकाच्या धोतराचा काठ धरला आणि ओढायला लागला.

थांबा. इथं मला थांबायचंय.

गावाला वाटत होतं, कुत्र्याला धोतर ओढायची खोड आहे. गाव फसलेलं होतं. पाहुणे तर परके. पण भानोबा? जगात त्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं की या कुत्र्यानं कधी कुणाचं धोतर ओढलेलं नाही. मग आज का ओढतोय? एवढंच मनाला विचारायचं होतं. आणि विचार आला होता त्याच्या मनात! शेंड्याची शेपूट पोटाशी गेलेली त्याला दिसली. अंग थरथरतंय तेही दिसलं.

पण समोर एवढी माणसं हसत होती हो! त्या हसण्याचा मोह त्याला सुटला नाही. त्यानं पायानं शेंड्याला बाजूला लोटलं, जमिनीवर पडलेला तो हिरवा तुकडा उचलला, डोक्यावर धरून नाचवला आणि म्हणाला,

"शेंड्या शेंड्या, काय केलं?"

"धोतर ओढून, फाडून नेलं!" सगळा पार गरजला.

मेल्या, स्वतःच्या लेकीचा परकर नाचवत होतास रे! ओळखला नाहीस? धोतर पांढरं असतं, एवढंही सुचलं नाही? आणि ती शेकडो माणसं, त्यांनाही हिरवं धोतर दिसलं नाही? कसं दिसणार? ओळ तोंडात आली की डोळे कोण उघडतंय!

शेंड्यानं मालकाकडं एकदा पाहिलं. मग तो वळला आणि सुसाट पेवाकडं गेला.

मागं बायकांत सगुणानं तो तुकडा पाहिला. हिरव्यावर पिवळे ठिपके. त्या परकराला तिनं स्वतःच्या हातानं टीप घातली होती. ती उठली. "माझी पोर!" असं किंचाळून ती माणसांना तुडवत धावत सुटली. तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

ठमी पेवाच्या तोंडाशी बसून घसा फोडून ओरडत होती. सगुणा धापकन जमिनीवर पालथी पडली आणि तिनं दोन्ही हात आत घातले. हाताला केस लागले. तानूचं डोकं पार वरपर्यंत आलं होतं. सगुणानं तिला काखेत धरून ओढलं, मागून आलेल्या बायकांनी सगुणाला ओढलं. पोर बाहेर आली. ओठ निळे, डोळे मिटलेले. कुणी पाणी मारलं, कुणी पाठ चोळली. आणि मग ती खोकली. खोकली आणि रडायला लागली. सगुणानं तिला असं कवटाळलं की आता देवानं मागितली तरी द्यायची नाही.

भानोबा धापा टाकत आला. "तानू! अगं, एवढी वर कशी आलीस तू?"

पोरीला बोलवत नव्हतं. हुंदके देत म्हणाली, "शेंड्या खाली आला. त्यानं मला डोक्यानं ढकललं. मी त्याच्या पाठीवर उभी राहिले, बाबा. तो हललाच नाही."

सगळे पेवाकडं धावले. "शेंड्या! शेंड्या!" भानोबानं हाका मारल्या. आतून काही आलं नाही. तो आत उडी टाकायला निघाला तेव्हा पाटलांनी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. दोरीनं दिवा सोडला. तो तोंडापासून हातभर खाली जातो न जातो तोच विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. जिथं दिवा जगत नव्हता तिथं ते जनावर पोरीला पाठीवर घेऊन उभं होतं. आणि गाणं संपायची वाट बघत होतं, असं मी म्हणतो! तुम्ही काहीही म्हणा.

दुसऱ्या दिवशी दिवा तेवला. भानोबा स्वतः आत उतरला. शेंड्याचे चारही पाय दाण्यांत पोटापर्यंत रुतले होते, आणि तो उभाच्या उभा होता. पाठीवर तानूच्या पायांची माती होती. भानोबानं त्याला उचलून छातीशी धरलं आणि असा ओरडून रडला की वर उभ्या असलेल्या पाटलांनी तोंड फिरवलं.

जत्रा झाली नाही. त्या पेवातलं धान्य कुणाच्या घशाखाली उतरेना. शेंड्याला नदीकाठी पुरलं आणि त्या संध्याकाळी भानोबा पारावर आला. त्यानं गावासमोर सगळं कबूल केलं. पेरू, साय, साप, माळा, सगळं. ठमीचीही माफी मागितली. ठमी समोरच्या भिंतीवर बसली होती, तिनं ऐकून घेतलं आणि उठून निघून गेली. त्या घरात ती पुन्हा कधी आली नाही. आणि बरं केलं तिनं!

मग भानोबानं रडत रडत खरं गाणं केलं,

"शेंड्या शेंड्या, काय केलं?
लेकरू उचलून वर दिलं."

यमक चांगलं जुळलं होतं. खरं बोलूनही जुळतं, बघा! आधी कुणी प्रयत्न केला नव्हता एवढंच. गावातल्या माणसांनी माना खाली घालून ते ऐकलं. कुणी टाळी वाजवली नाही.

पण पोर वाचली एवढं पाहून पाहुणे या कबुलीच्या आधीच आपापल्या गावी गेले होते. गाडीत बसून, लेकरांना मांडीवर घेऊन गेले, आणि जाताना जुनं गाणं बरोबर घेऊन गेले. लेकरांना ते फार आवडलं होतं. एका गावातून दुसऱ्या गावात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाळणा हलवताना म्हणायचं, घास भरवताना म्हणायचं.

भानोबाला हे कळलं तेव्हा त्याच्या जिवाची तगमग झाली. त्यानं काठी घेतली आणि गावोगाव निघाला. प्रत्येक पारावर उभा राहायचा, हात जोडायचा आणि नवं गाणं म्हणायला लागायचा.

"शेंड्या शेंड्या, काय केलं?"

त्यानं दुसरी ओळ म्हणायला तोंड उघडायच्या आत समोरची पोरं टाळ्या पिटून ओरडायची, "धोतर ओढून, फाडून नेलं!"

"अरे नाही रे, थांबा! ऐका माझं! ते खोटं आहे, मीच रचलंय ते!"

पोरं आणखीच हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारा गंमत करतोय. कुणी त्याच्या धोतराला हात लावायचं, कुणी ओढून पळायचं. तो रडायला लागला की म्हणायचे, काय हुबेहूब रडतो!

वर्षानुवर्षं तो फिरला. खऱ्या गाण्याची दुसरी ओळ त्याला परक्या गावात एकदाही पुरी करू दिली नाही कुणी. ज्या सवयीनं त्याला मोठं केलं, तीच सवय आता त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

थकून घरी यायचा. तानू आता मोठी झाली होती. ती बापाच्या पायांवर पाणी घालायची, ताट वाढायची, त्याच्याशी चार शब्द नीट बोलायची. तिचा बापावर राग नव्हता असं नाही. होता, आणि असायलाच हवा होता. पण बापाच्या डोळ्यांकडं बघून ती तो राग गिळायची.

भानोबा उंबऱ्याकडं पाठ करून जेवायला बसायचा. पहिला घास उचलला की वर पिंजऱ्यातून राघू मान वाकडी करून विचारायचा, "शेंड्या शेंड्या, काय केलं?"

आणि उत्तरही तोच द्यायचा, जुनंच. तानू दोन्ही हातांनी कान झाकून घ्यायची. भानोबा राघूला नवी ओळ शिकवायला बसायचा, हातात मिरची धरून, पुन्हा पुन्हा. राघू मिरची खायचा आणि जुनी ओळ म्हणायचा. मरेपर्यंत त्यानं दुसरी म्हटली नाही. आणि राघूचं आयुष्य फार मोठं असतं, मुलांनो.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा आणि घरी जा: ज्याला बोलून स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्या नावावर गमतीनंसुद्धा खोटं रचू नये, कारण ते परत घ्यायची वेळ येते तेव्हा ते आपलं राहिलेलं नसतं.